चिखलीपलीकडची मोगलाई

चिखलीहून जाफराबाद म्हणजे आज मोटारीने तासाभराची वाट. मध्ये कुठेतरी बुलढाणा जिल्हा संपून जालना जिल्हा लागतो, विदर्भ संपून मराठवाडा सुरू होतो. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तीच कपाशी आणि सोयाबीन, आणि बोलणेही थोड्याफार फरकाने तेच. पाटी चुकली तर जिल्हा बदलल्याचे कळतसुद्धा नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मात्र या वाटेने जाणारा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. अलीकडे वऱ्हाड, म्हणजे १९४७ पर्यंत इंग्रजांचा अंमल. पलीकडे हैदराबादच्या निजामाचे राज्य. वऱ्हाडातली जुनी माणसे त्या मुलखाला मोगलाई म्हणत. कुणाची मावशी मोगलाईत दिलेली असे, कुणाच्या घरी मोगलाईतून बैल आणलेला असे. सोयरीक हद्द बघून होत नव्हती.

पंच्याण्णव वर्षे टिकलेल्या या सरहद्दीची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण चिखली कधीकाळी सीमेवरचे गाव होते हेच आपण विसरून गेलो आहोत. सीमा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तवांग येते, नथु ला येते, लडाख येते. अशा भागांत जायचे तर अनेकदा परवाना काढावा लागतो, आणि त्यावर आपल्याकडचा माणूस हमखास विचारतो, आपल्याच देशात फिरायला परवाना कशाला? हा प्रश्न चिखलीच्या आजोबा-पणजोबांना नवा नव्हता.

सुरुवात एका लढाईपासून करावी लागते. जाफराबाद आणि भोकरदन यांच्या दरम्यान केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र सैन्याचा पराभव केला. इंग्रजांचीही दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. पुढे नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि इंग्रजांनी तो आपला मित्र म्हणून निजामाला दिला. त्यामुळे १८५३ पर्यंत चिखलीही निजामाकडे आणि जाफराबादही निजामाकडे. मध्ये सरहद्द नव्हती.

ती आली कर्जापोटी. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली होती आणि तिचा खर्च निजामाच्या माथी होता. तो थकत गेला. गव्हर्नर जनरल डलहौसीने वसुलीचा तगादा लावला आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा प्रदेश कंपनीच्या कारभारात घेतला. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. कापूस पिकवणारा हा मुलूख हातचा कोण सोडणार? अमेरिकेतले यादवी युद्ध पुढच्याच वर्षी सुरू झाले आणि वऱ्हाडी कापसाचे मोल किती आहे ते मँचेस्टरला कळले.

अशा रीतीने चिखली एका बाजूला आणि जाफराबाद-भोकरदन दुसऱ्या बाजूला पडले. शेतकऱ्याला कुणी विचारले नव्हते, आणि हे त्या काळात वेगळे काही नव्हते. पण या सरहद्दीचा खरा चमत्कारिक भाग पुढे आहे. कायद्याने पाहिले तर ती सरहद्द नव्हतीच. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता, मालकी निजामाचीच होती. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी व्हाइसरॉय कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी करार करून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतले. जमीन कसायला घ्यावी तसा सहा जिल्ह्यांचा सुपीक मुलूख घेतला गेला, आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. तरीही कागदोपत्री वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग झाले नाही. नागपूरच्या कायदेमंडळावर वऱ्हाडातून जे सभासद मतदारांनी निवडले, त्यांची नंतर सरकारकडून रीतसर नेमणूक दाखवावी लागे, कारण परक्या राजाच्या मुलखातून थेट निवडून येण्याची कायद्यात सोय नव्हती.

म्हणजे चिखलीचा माणूस जाफराबादला निघाला की निजामाच्या मुलखातून निजामाच्याच मुलखात जात होता, आणि तरी वाटेत त्याला जकातीचे नाके लागत होते. राज्यकर्त्यांच्या तहांनी सामान्य माणसाला काय दिले, हे समजायला याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

निजाम ही मालकी विसरला नव्हता. मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्रात ती मागणी फेटाळली आणि सार्वभौम सत्तेपुढे कोणत्याही संस्थानिकाला बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही, असे स्पष्ट बजावले. संस्थानांच्या इतिहासात हे पत्र गाजले. नंतर १९३६ च्या करारात निजामाच्या मनाची समजूत काढण्यासाठी त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. चिखलीच्या बाजारात त्याने काहीही बदलले नाही.

बाजारात जाणवत होती ती करोडगिरी. निजाम सरकारच्या जकात खात्याचे हे नाव. राज्यात येणाऱ्या आणि राज्यातून बाहेर जाणाऱ्या बहुतेक मालावर हे खाते साधारण शेकडा पाच दराने जकात घेत असे. हद्दीवरच्या वाटांवर त्याचे नाके असत. गाडी थांबवायची, पोती मोजायची, किंमत ठरवायची, पैसे भरायचे, पावती घ्यायची. व्यापाऱ्याला हे हिशेबात धरता येते. आडत्याकडे दोन पोती घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला, किंवा लेकीच्या घरी लुगडी-धान्य घेऊन चाललेल्या बापाला, तिथे शिपायापुढे उभे राहावे लागे.

त्यात पैसाही वेगळा. हैदराबादचा स्वतःचा रुपया होता, त्याला हाली म्हणत. इंग्रजी रुपया कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली असा साधारण भाव. सीमेवरच्या गावांतल्या लोकांना हा हिशेब पाढ्यासारखा पाठ असावा लागे. पलीकडे टपालाची तिकिटे वेगळी, कचेरीतले वर्ष फसली, कोर्टातली आणि दप्तरातली भाषा उर्दू. चिखलीच्या तहशिलीत मराठीत अर्ज देता येत होता, त्याच अर्जासाठी भोकरदनच्या शेतकऱ्याला उर्दू लिहिणारा शोधावा लागत होता. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन रयतेच्या नावाने खाती लागली. या खात्यांचा आणि दप्तरांचा परिणाम आजपर्यंत पोचला आहे, त्याकडे शेवटी येऊ.

आगगाडीनेही हद्द पाळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाववरून गेली आणि कापसासाठी १८७० मध्ये खामगावला फाटा आला. पलीकडे निजामाची गोदावरी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास जालन्याला पोचली, तीही मीटरगेज रुळांची. खामगाव आणि जालना ही कापसाची दोन मोठी पेठ-गावे, आणि बरोबर त्यांच्या मध्ये चिखली. दोन राज्यांच्या दोन रेल्वे एकमेकींना भेटल्या नाहीत. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. चिखलीत रूळ आजही नाहीत.

देवाधर्माच्या वाटा मात्र कोणत्याच नाक्याने अडल्या नाहीत. राजूरचा गणपती मोगलाईत, देऊळगाव राजाचा बालाजी वऱ्हाडात. पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याला होळीच्या सुमारास जी यात्रा भरते, तिला हिंदू-मुसलमान दोघेही दोन्ही बाजूंनी येत आले. पंढरीला पायी निघालेल्या वऱ्हाडी वारकऱ्याची वाट मराठवाड्यातूनच जाते. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे माहेर वऱ्हाडात राहिले आणि वेरूळ हे भोसल्यांचे गाव मोगलाईत गेले. ज्या लग्नाने महाराष्ट्राचा इतिहास घडला, तेही याच दोन बाजूंमधले.

हद्दीचा जाच जकातीपुरताच असता तर तो सोसला गेला असता. पलीकडचा माणूस परवानगीशिवाय चार लोकांपुढे बोलू शकत नव्हता, हे त्याहून जड होते. १९२९ मध्ये निजाम सरकारने गश्ती निशाण ५३ काढली. त्या हुकुमाने सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी लागू लागली. खासगी शाळा उघडायलाही परवानगी आणि तालीम काढायलाही परवानगी लागे. सांस्कृतिक संस्थेच्या नावाखाली लोक जमू लागले ते यामुळेच. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. बाहेरून सत्याग्रहाला जाणाऱ्यांना तर राज्यात पाय ठेवणे हाच गुन्हा. सेनापती बापट पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना पकडून निजामाच्या हद्दीबाहेर आणून सोडण्यात आले.

याच हद्दीचा दुसरा उपयोग लोकांनी शोधला. पलीकडे जे छापता येत नव्हते ते अलीकडे छापता येत होते. पलीकडे ज्याच्यावर वॉरंट होते तो अलीकडे येऊन झोपू शकत होता. वऱ्हाडात इंग्रजांचे राज्य होते, तेही गुलामीचेच, १९४२ मध्ये इथल्या लोकांनीही तुरुंग पाहिला. तरी निजामाच्या पोलिसाला हद्द ओलांडता येत नव्हती, एवढा आधार मोठा होता.

१९४७ च्या उन्हाळ्यात या साऱ्याला वेगळेच वळण लागले. १२ जूनला निजामाने फर्मान काढले की इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राजा होऊ. त्याच्या शिष्टमंडळाने दिल्लीत वऱ्हाड परत मिळावे अशीही मागणी ठेवली. १८५३ आणि १९०२ च्या करारांची मालकी अजून कागदावर जिवंत होती, हे वऱ्हाडच्या पुढाऱ्यांना चांगले ठाऊक होते. १५ ऑगस्टला चिखलीत तिरंगा चढला, आणि तासाभराच्या वाटेवर तोच झेंडा हाती घेतला म्हणून माणसे पकडली जात होती. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्याच दिवशी अटकेत गेले.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला. वर्षभर काही बदलायचे नाही असे ठरले, आणि सगळेच बदलले. निजाम सरकारने भारताचा रुपया आपल्या राज्यातल्या व्यवहारात बंद केला आणि सोन्या-चांदीसारखे धातू भारतात नेण्यावर बंदी घातली. चिखलीसारख्या गावाला याचा अर्थ लगेच कळला असणार. जिथे हाली-कलदारचा हिशेब रोज चालत होता, तिथे कलदार एका दिवसात पलीकडे निरुपयोगी झाला. भारत सरकारने उलट बाजूने नाकेबंदी केली आणि हैदराबादेत जाणाऱ्या मालावर निर्बंध आणले. पूर्वी निजामाचा शिपाई गाडी तपासत होता, आता दोन्ही बाजूंचे शिपाई तपासू लागले.

स्टेट काँग्रेसने निजामाच्या हद्दीला लागून, भारताच्या बाजूला, छावण्या उभ्या केल्या. कृती समितीचे नेतृत्व दिगंबरराव बिंदू यांच्याकडे होते. वऱ्हाडच्या बाजूने यवतमाळ जिल्ह्यातले उमरखेड हे मोठे केंद्र. ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेडजवळच्या उमरीची सरकारी बँक कार्यकर्त्यांनी लुटली आणि ती रक्कम उमरखेडच्या छावणीत पोचवली. छावण्यांचे काम करोडगिरीचे नाके मोडणे, पटवाऱ्याची दप्तरे जाळणे, पोलीस चौक्यांवर छापे घालणे असे चाले. राज्याचे उत्पन्न आणि राज्याचा धाक या दोन्हीची पहिली खूण नाका होता, म्हणून हल्ला आधी त्याच्यावर.

पलीकडे कासिम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद स्वयंसेवक, होते. रझवी लातूरचा वकील. त्याच्या माणसांनी गावे जाळली, लुटली, आणि मराठवाड्यातली कुटुंबे हद्द ओलांडून सोलापूर, नगर, खानदेश आणि वऱ्हाडात येऊ लागली. नातेवाइकांची घरे, धर्मशाळा, देवळांचे मंडप भरले. सोयरीक हद्दीवर थांबत नव्हती हे इथे कामी आले. आश्रय मागायला माणूस सरकारी कचेरीत गेला नाही, मावशीच्या दारात गेला.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा निघाल्या. मुख्य फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून नळदुर्गावर गेली. चाळीसगावकडची तुकडी कन्नड, दौलताबादमार्गे औरंगाबादला. आणि बुलढाण्याकडून निघालेल्या तुकडीने जालना घेतले. ज्या हद्दीवर पंच्याण्णव वर्षे गाड्या थांबत होत्या, ती लष्करी वाहनांनी न थांबता पार केली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ तारखेला त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शस्त्रे ठेवली. पाच दिवसांत सगळे झाले. जुनी माणसे पुढे कितीतरी वर्षे कालगणना सांगताना ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘नंतर’ असेच म्हणत.

या विजयाची दुसरी बाजू लिहिल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड मराठवाड्यातल्या आणि कर्नाटकातल्या निरपराध मुसलमानांवर घेतला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस तो भाग फिरून पाहिला आणि मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत जास्त संहार झाला होता. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. मुक्तीचा दिवस साजरा करणाऱ्यांनी हेही वाचले पाहिजे.

राजा गेला तरी हद्द लगेच गेली नाही. हैदराबाद हे भारतातले एक राज्य झाले, वऱ्हाड मध्य प्रदेशात राहिले आणि त्याची राजधानी नागपूर. काही जुन्या संस्थानी राज्यांना राज्यांमधल्या व्यापारावर जकात चालू ठेवता यावी म्हणून घटनेतच ३०६ वे कलम होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा चिखली आणि जाफराबाद एका राज्यात आले. १ मे १९६० ला ते राज्य महाराष्ट्र झाले.

आता तवांगच्या परवान्याकडे वळू. ईशान्येतली इनर लाइन १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनने आखली, म्हणजे वऱ्हाड ताब्यात घेणाऱ्याच साम्राज्याने वीस वर्षांनी. चहाचे मळेवाले आणि रबर गोळा करणारे व्यापारी डोंगरात घुसत, तिथल्या जमातींशी त्यांचे तंटे होत, आणि ते निस्तरायचा खर्च सरकारवर येई. म्हणून रेषा ओढून तिच्यापलीकडे जाणाऱ्याला पास सक्तीचा केला आणि बाहेरच्या माणसाला तिथे जमीन घेण्यास मनाई केली. हेतू राज्यकर्त्याच्या सोयीचा, अगदी करोडगिरीच्या नाक्यासारखा. पण स्वातंत्र्यानंतर ती रेषा पुसा अशी मागणी डोंगरातल्या लोकांनी केली नाही. उलट ती त्यांनी आपल्या जमिनीचे कुंपण मानली. अरुणाचल, नागालँड आणि मिझोराममध्ये ती राहिली. मणिपूरने वर्षानुवर्षे आंदोलने करून डिसेंबर २०१९ मध्ये ती मिळवली, आणि त्याच महिन्यात मेघालयाच्या विधानसभेने ती आपल्यालाही हवी असा एकमताने ठराव केला. परवान्याला विरोधही झाला आहे. काश्मीरमध्ये जायलाही १९५९ पर्यंत परवाना लागत होता. त्याविरुद्ध श्यामाप्रसाद मुखर्जी १९५३ च्या मे महिन्यात परवान्याशिवाय गेले, पकडले गेले आणि २३ जूनला स्थानबद्धतेतच त्यांचा मृत्यू झाला.

चिखलीकराला तवांगचा अर्ज भरताना त्रास होतो तो मी समजू शकतो. तरी मला या दोन हद्दींमधला फरक महत्त्वाचा वाटतो. जाफराबादची हद्द दोन्ही बाजूंच्या एकाही शेतकऱ्याने मागितली नव्हती. राजा गेल्यावर ती राखायला कुणी पुढे आले नाही. डोंगरातली हद्द तिथल्या माणसाला हवी आहे, कारण त्याची संख्या लहान आहे आणि जमीन गेली तर त्याच्याकडे उरायला काही नाही. परवान्याचा राग करण्याआधी तो कुणाच्या संरक्षणासाठी मागितला आहे, हे पाहावे.

वऱ्हाड-मोगलाईची हद्द आता जमिनीवर दिसत नाही, दप्तरात मात्र शाबूत आहे. चिखलीची विभागीय कचेरी अमरावतीला, जाफराबादची छत्रपती संभाजीनगरला. उच्च न्यायालयात जायचे तर एकाला नागपूर, दुसऱ्याला संभाजीनगर. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे सरकारी ध्वजारोहण जाफराबादेत होते, चिखलीत होत नाही. सर्वांत खोल परिणाम जातीच्या दाखल्यावर झाला. वऱ्हाडात जुन्या महसुली आणि शाळेच्या दप्तरांत कुणबी नोंदी मुबलक आहेत, त्यामुळे तिथल्या कुटुंबांना इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र मिळत गेले. पलीकडच्या निजामी दप्तरात अशा नोंदी विरळ. त्याच जमिनीवरचा, बहुतेकदा त्याच नात्यागोत्यातला माणूस प्रमाणपत्राविना राहिला. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्याच अंतरवाली सराटीतून मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, तेव्हा सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. उर्दू आणि मोडी कागद वाचणारे बसवले गेले, नोंदी शोधायला पथके हैदराबादला गेली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधल्या नोंदींचा आधार घेता येईल असे ठरले आणि अर्जांच्या चौकशीसाठी गावपातळीवर समित्या झाल्या. जमिनीचा कागद नसलेल्या मराठवाड्यातल्या अर्जदाराने आता आपण किंवा आपले पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून तिथलेच रहिवासी आहोत, असे प्रतिज्ञापत्र द्यायचे आहे.